बाळ दूध पिताना दमतंय? हृदयाच्या झडपेचा जन्मजात दोष घरी कसा ओळखायचा

जन्मणाऱ्या दर हजार बाळांत साधारण ८ ते १० जणांना हृदयाचा काही ना काही जन्मजात दोष असतो. काहींच्या हृदयाच्या कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्र असतं, काहींच्या झडपा नीट बनलेल्या नसतात, काहींना दोन्ही असतं. छातीतला आवाज डॉक्टरांच्या नळीला ऐकू येतो, पण पहिलं लक्षण बहुतेक वेळा घरातच दिसतं, आणि तेही दूध पाजताना. ते ओळखता आलं तर तालुक्याच्या दवाखान्यात ‘बाळ जरा अशक्त वाटतंय’ एवढंच सांगावं लागत नाही. हातात आकडे असतात, आणि आकडे असले की पुढची पावलं भराभर पडतात.

झडप बिघडली की नेमकं काय होतं

हृदयात चार झडपा. रक्त पुढे गेलं की मिटायचं आणि मागे येऊ द्यायचं नाही, हे त्यांचं काम. दोष दोन तऱ्हेचा असतो. झडप अरुंद असते, म्हणजे तिच्या पाकळ्या जाड किंवा एकमेकींना चिकटलेल्या असतात. किंवा ती गळते, म्हणजे मिटल्यावरही रक्त मागे येतं. अरुंद झडपेमागच्या कप्प्याला जास्त जोर लावावा लागतो, त्याचे स्नायू जाड होतात. गळत्या झडपेमुळे तेच रक्त पुन्हा पुन्हा ढकलावं लागतं, कप्पा फुगत जातो. दोन्हींचा शेवट दमण्यात होतो.

फुप्फुसाकडे जाणारी झडप फार अरुंद असेल आणि जोडीला पडद्याला छिद्र असेल, तर अशुद्ध रक्त थेट शरीरात जातं आणि बाळ निळं पडतं. शरीराकडे जाणारी, म्हणजे महाधमनीची झडप फार अरुंद असेल, तर बाळ सहसा निळं पडत नाही. ते फिकट, राखाडी आणि गार पडतं. हा फरक ध्यानात असू द्या. हृदयाचा आजार म्हणजे निळं बाळ, एवढंच धरून बसल्यामुळे फिकट बाळाकडे दुर्लक्ष होतं.

पहिला आठवडा सगळ्यात कसोटीचा

पोटात असताना बाळाचं फुप्फुस काम करत नसतं. तेव्हा फुप्फुसाच्या आणि शरीराच्या मोठ्या रक्तवाहिन्यांना जोडणारी एक नळी उघडी असते. जन्मानंतर ती साधारण पहिल्या दोन-तीन दिवसांत मिटते. झडपेचा दोष फार मोठा असेल तर बाळ त्या नळीच्याच आधारावर जगत असतं. म्हणून जन्मतः ते गुटगुटीत दिसतं, रडतं, वजनही चांगलं असतं, आणि नळी मिटू लागली की काही तासांत कोसळतं. साध्या बाळंतपणानंतर दोन-तीन दिवसांत घरी सोडतात. बाळ बिघडायचं ते नेमकं घरी, वाडीत, कधी कधी रात्री.

यावर सोपा उपाय दवाखान्यातून निघण्याआधीच करता येतो. जन्मानंतर २४ तासांनी बाळाचं ऑक्सिजन सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचा टक्का, मोजून मागा. उजवा हात आणि कोणताही एक पाय, दोन्हीकडे. दोन्ही ठिकाणी ९५ किंवा जास्त आणि दोन्हींतला फरक ३ पर्यंत, तर ठीक. कुठेही ९० च्या खाली आलं तर लगेच बालरोगतज्ज्ञ. मधलं काही आलं तर तासाभराने पुन्हा मोजतात. उजवाच हात का, तर त्या हाताचं रक्त या नळीच्या आधीच्या भागातून येतं, पायाचं नंतरच्या. दोन्हींत तफावत म्हणजे कुठेतरी रक्त चुकीच्या वाटेने मिसळतंय. मोठ्या माणसांच्या बोटाला लावायचा घरगुती चिमटा यासाठी चालत नाही, नवजात बाळाचा वेगळा पट्टा असतो.

मात्र ही तपासणी सगळं पकडत नाही. नुसत्या अरुंद महाधमनी झडपेच्या बाळाचं सॅच्युरेशन ९८ सुद्धा येतं. त्यामुळे आकडा चांगला आला तरी पुढची नजर सोडायची नाही.

दूध, श्वास, रंग, वजन

या चार गोष्टी तीन दिवस वहीत लिहा. आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात, त्यांना ती वही दाखवा. पण पुढे दिलेलं धोक्याचं काही दिसलं तर तीन दिवस थांबू नका.

*दूध.* लहान बाळाला दूध पिणं हाच सगळ्यात मोठा व्यायाम. हृदय दमलेलं असेल तर ते तिथेच कळतं. निरोगी नवजात बाळ २४ तासांत ८ ते १२ वेळा पितं, पोट भरलं की सोडतं आणि झोपतं. झडपेचा त्रास असलेलं बाळ भुकेने तुटून पडतं, दोन-तीन मिनिटं ओढतं, मग तोंड सोडून धापा टाकतं. पुन्हा ओढतं, पुन्हा सोडतं. अर्धा-पाऊण तास गेला तरी पोट भरलेलं नसतं, दमून झोप लागते, आणि अर्ध्या तासात भुकेने रडत उठतं. ‘दूध पुरत नाही’ म्हणून आईलाच बोल लावला जातो आणि वरचं दूध सुरू होतं. खरं कारण तसंच राहतं.

पाजायला घेतलं ती वेळ आणि सोडलं ती वेळ लिहा. मध्ये किती वेळा थांबलं, तेही. दर वेळी ३०–४० मिनिटांहून जास्त लागत असेल तर दाखवायला हवं. पहिल्या आठवड्यानंतर दिवसात सहापेक्षा कमी वेळा लघवी होत असेल, तर दूध पोटात पुरेसं जात नाही असं समजा.

घामाची गोष्ट कोकणात जरा फसवी आहे. मे महिन्याच्या उकाड्यात घरात सगळेच घामेजलेले असतात. पण हृदयाच्या त्रासाचा घाम कपाळावर आणि वरच्या ओठावर येतो, दूध पिताना येतो आणि पिणं थांबलं की ओसरतो. पंख्याखाली येतो, पौष महिन्यातल्या गार सकाळीही येतो. बाळाचं डोकं जिथे टेकलेलं असतं तो आईच्या हाताचा खळगा दर वेळी ओला होत असेल तर ती नोंद वहीत करा.

*श्वास.* बाळ झोपलेलं किंवा शांत असताना मोजा. रडल्यावर किंवा प्यायल्यावर लगेच नको. अंगावरचं कापड वर करा, पोटाकडे बघा, मोबाईलवर एक मिनिट लावा. पूर्ण मिनिट मोजायचं, पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं नाही, कारण नवजात बाळ मध्येच काही सेकंद श्वास थांबवून मग भरभर घेतं. तो निसर्गच आहे. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त श्वास म्हणजे वेग वाढलेला. जास्त आले तर थोड्या वेळाने पुन्हा मोजा. दोन्ही वेळा जास्त आले तर त्याच दिवशी दवाखाना. बरगड्यांखाली खळगा पडतोय का, नाकपुड्या फुलतायत का, श्वास सोडताना कण्हल्यासारखा आवाज येतोय का, हेही बघा. हृदयामुळे श्वास वाढलेली बरीच बाळं सुरुवातीला शांतपणे, न कण्हता भरभर श्वास घेतात. म्हणूनच नुसत्या नजरेला ते कळत नाही, मोजावंच लागतं.

पावसाळ्यात घरोघरी मुलांना सर्दी-खोकला असतो आणि त्यात हे झाकलं जातं. सर्दी गेली, नाक मोकळं झालं, तरी श्वासाचा वेग खाली येत नसेल, किंवा वर्षात दोन-तीनदा न्यूमोनिया म्हणून ठेवावं लागलं असेल, तर छातीबरोबर हृदयही तपासून मागा.

*रंग.* हातापायांचे तळवे निळसर दिसणं पहिल्या एक-दोन दिवसांत किंवा थंडीत साधं असतं. बघायचं ते जीभ, हिरड्या आणि ओठांची आतली बाजू. सावळ्या बाळात तर तिथेच खरं कळतं. कौलारू घराच्या माजघरात, पिवळ्या दिव्याखाली निळेपणा दिसत नाही. बाळाला दिवसाउजेडी ओटीवर आणा, बाळ रडेल तेव्हा जीभ बघा आणि ती आईच्या जिभेशी ताडून बघा. पावसाळ्यात पडवीला निळी ताडपत्री लावलेली असेल तर तिच्या उजेडात सगळ्यांचेच ओठ निळे दिसतात. तिथे बघू नका. फिकटपणा बघायचा तर तळपाय हाताला लावून बघा. अंग गरम पण पाय गार आणि ठिपक्या-ठिपक्यांचे असतील, तर रक्त तिथवर नीट पोचत नाही.

*वजन.* पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन थोडं उतरतं आणि साधारण दहा-चौदा दिवसांत जन्मवजनावर येतं. त्यानंतर पहिले तीन महिने रोज २० ते ३० ग्रॅम वाढायला हवं, म्हणजे आठवड्याला दीडशे-दोनशे ग्रॅम. बाळ बाळसं धरत नाही असं घरात कुणी म्हणू लागलं, तर ते दृष्ट काढून सोडून देऊ नका. अंगणवाडीच्या एकाच काट्यावर, कपडे काढून, आठवड्याने पुन्हा वजन करा. एक उलटी गोष्ट सांगायला हवी. दूध नीट पीत नसताना एक-दोन दिवसांत वजन एकदम वाढलं आणि पापण्या सुजल्या, तर ते बाळसं नव्हे, अंगात साठलेलं पाणी असतं. लहान बाळात सूज पायांवर येण्याआधी पापण्यांवर दिसते.

यातलं काही दिसलं तर वाट बघायची नाही

जीभ निळी, बाळ राखाडी, गार, ढिलं पडलेलं, दूध ओढणं बंद, श्वास ६० च्या वर आणि बरगड्यांखाली खळगे, बेशुद्धी. लगेच १०८. फोनवर गावाबरोबर वाडी आणि गाडी कुठपर्यंत येते ते सांगा. पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, उतरून बाळ खालच्या रस्त्यावर आणायचं असेल तर रुग्णवाहिका निघाल्याचं कळताच निघा. वाटेत बाळ उबदार ठेवा, डोकं जरा उंच, आणि धाप लागलेली असताना तोंडात काही घालू नका. घुटी नाही, मध नाही, साखरपाणीही नाही.

असं कोसळलेलं नवजात बाळ जंतुसंसर्ग झालेल्या बाळासारखंच दिसतं, आणि सुरुवातीला उपचारही त्याचेच होतात. ते योग्यच आहे. पण सोबत तीन गोष्टी विचारा: दोन्ही हात आणि पाय यांची नाडी सारखी लागते का, हाताचं आणि पायाचं प्रेशर किती, आणि ऑक्सिजन लावल्यावर सॅच्युरेशन वाढलं का. फुप्फुसाच्या आजारात ते बहुधा वाढतं, निळ्या हृदयदोषात फारसं हलत नाही. अशा बाळाला मिटणारी नळी उघडी ठेवणारं प्रोस्टाग्लँडिन हे औषध शिरेतून सुरू करून मग मोठ्या केंद्रात हलवतात. ते सुरू न करता लांबचा प्रवास करणं धोक्याचं, म्हणून ‘नेण्याआधी हे औषध लागेल का’ हा प्रश्न जरूर विचारा.

झडप अरुंद आणि पडद्याला छिद्र, अशा जोडदोषात मोठ्या बाळांना अचानक निळं पडण्याचे झटके येतात, बहुधा सकाळी, रडल्यावर किंवा अंघोळीनंतर. बाळाला उराशी धरून गुडघे त्याच्या छातीकडे दुमडा आणि शांत करा. याने पायांकडे जाणारं रक्त अडतं आणि फुप्फुसाकडे जास्त वळतं. चालतं मूल हेच आपणहून करतं: खेळता खेळता उकिडवं बसतं. झटका ओसरला तरी त्याच दिवशी दाखवायचं.

शाळेतलं मूल

मध्यम दोष असलेली मुलं वाढतात चांगली, दिसतात चांगली. महाधमनीची झडप अरुंद असलेलं मूल तर बऱ्याचदा वर्गातलं धडधाकट मूल असतं. त्याच्या वागण्यात मात्र फरक असतो. बरोबरीची मुलं पाखाडी एका दमात चढतात. हे मधल्या पायरीवर थांबून चप्पल नीट करतं, मागे वळून बघतं. कबड्डी सोडून गुण लिहायला बसतं. दमतो म्हणून सांगत नाही, कारण त्याला वाटतं सगळ्यांना असंच होतं.

चक्कर कशी आली हे नीट विचारा. उपाशी पोटी, उन्हात, प्रार्थनेला उभं असताना डोळ्यांपुढे अंधारी आली, हे पुष्कळ मुलांना होतं. पण धावताना, पोहताना, चढ चढताना शुद्ध हरपली किंवा छातीत दुखलं, तर तो धोक्याचा इशारा आहे. अरुंद झडपेतून वाढीव रक्त जाऊ शकत नाही, मेंदूला आणि खुद्द हृदयाच्या स्नायूला कमी पडतं. इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, होईपर्यंत त्या मुलाला शर्यत, कबड्डी, पोहणं, दहीहंडी यांतून बाहेर ठेवा. खेळताना नसून बसल्या बसल्या छाती अचानक धडधडू लागते आणि तशीच अचानक थांबते, असं मूल सांगत असेल तर त्या वेळी नाडी मोजा आणि शक्य तर त्याच वेळी ईसीजी काढा. एब्स्टाइन नावाच्या झडपदोषात असं होतं.

सांधे सुजणं, ताप, त्याआधी घसादुखी, आणि वय पाच ते पंधरा, असा इतिहास असेल तर विचार संधिवाताच्या तापाचा करायचा. त्यातही झडपा बिघडतात, पण तो जन्मजात दोष नाही आणि त्याला दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन लागतं. जन्मजात दोषाला ते लागत नाही. दोन्हींचे कागद एकत्र होऊ देऊ नका.

आणि शाळेच्या तपासणीत ‘मर्मर आहे’, म्हणजे ठोक्यांबरोबर जादा आवाज येतो, असं लिहून आलं म्हणून घाबरू नका. पुष्कळ निरोगी मुलांत, विशेषतः तापात, असा निर्दोष आवाज ऐकू येतो. ताप गेल्यावर पुन्हा ऐकवा, आणि डॉक्टर म्हणाले तर एकदा इको करून विषय संपवा.

मोठेपणी कळणारा दोष

महाधमनीच्या झडपेला तीनऐवजी दोनच पाकळ्या असणं हा सगळ्यात जास्त आढळणारा जन्मजात हृदयदोष. दर शंभरात एक-दोघांना तो असतो, पुरुषांत जास्त; सुरुवातीला दिलेल्या हजारी ८ ते १० च्या आकड्यात तो धरलेला नसतो. चाळिशी-पन्नाशीपर्यंत काही जाणवत नाही. मग झडप कडक होते आणि चढावर धाप, छातीत दुखणं, चक्कर सुरू होते. बोटीवरच्या नोकरीच्या वैद्यकीय तपासणीत तो पहिल्यांदा कळतो, असंही होतं. घरात एकाला असेल तर आई-वडील, भावंडं आणि मुलं, सगळ्यांचा एकदा इको करा. या लोकांची महाधमनीही फुगू शकते. छातीत किंवा पाठीत अचानक फाटल्यासारखी कळ आली, तर गॅसची गोळी घेऊन बसू नका, १०८ बोलवा.

गरोदरपणात शरीरातलं रक्त ४० ते ५० टक्क्यांनी वाढतं, म्हणून तोवर गप्प असलेली अरुंद झडप पाचव्या महिन्यानंतर बोलू लागते. आडवं झाल्यावर दम लागणं, रात्री उठून बसावं लागणं, हे ‘गरोदरपणात होतंच’ म्हणून सोडू नये. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर महिलांची तज्ज्ञांकडून मोफत तपासणी होते, तिथे हे स्पष्ट सांगा. आधीच्या मुलाला किंवा आई-वडिलांपैकी कुणाला जन्मजात हृदयदोष असेल, आईला आधीपासून मधुमेह असेल, किंवा सुरुवातीच्या महिन्यांत रुबेला झाला असेल, तर १८ ते २२ आठवड्यांत गर्भाचा इको करून घ्या. दोष आधी कळला तर बाळंतपण कुठे करायचं ते ठरवता येतं.

तपासणीला कुठे जायचं

अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं. शून्य ते अठरा वयातल्या मुलांचे जन्मजात हृदयदोष त्यात येतात. पथक येण्याची वाट बघू नका. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात जाऊन नाव घाला. पुढे अलिबाग, रत्नागिरी किंवा ओरोसचं जिल्हा रुग्णालय. वर्षाच्या आतलं बाळ आजारी असेल तर सरकारी दवाखान्यात नेण्या-आणण्याचा आणि उपचाराचा खर्च जननी-शिशू सुरक्षा कार्यक्रमातून होतो. शस्त्रक्रियेसाठी महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. चौकशी १५५३८८ वर. रेशनकार्ड आणि आई-वडिलांचं आधार, बाळाचं आधार नसेल तर जन्मदाखला, असं सगळं एका पिशवीत ठेवा. मुंबईत केईएम, जे. जे. आणि परळचं वाडिया. खारघरला श्री सत्य साई संजीवनीत मुलांच्या हृदयशस्त्रक्रिया मोफत होतात. दक्षिण सिंधुदुर्गातल्यांना बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज जवळ पडतं, पण महाराष्ट्राची योजना तिथे कशी चालते ते निघण्याआधी विचारून घ्या.

इको दुखत नाही, पण मूल शांत हवं. झोपेचं औषध देणार असतील तर किती तास उपाशी ठेवायचं ते आदल्या दिवशी विचारा. नसतील तर पाजूनच न्या. शक्य तर बालहृदयरोगतज्ज्ञांकडून करून घ्या. एक्स-रे आणि ईसीजी चांगले आले म्हणजे झडप चांगली, असं नसतं.

रिपोर्टमध्ये ‘ग्रेडियंट’ हा आकडा शोधा. झडपेच्या दोन बाजूंच्या दाबातला तो फरक. फुप्फुसाच्या झडपेचा सर्वाधिक ग्रेडियंट ३६ च्या खाली असेल तर दोष सौम्य, ३६ ते ६४ मध्यम, त्याच्या वर तीव्र. तीव्र असेल तर मांडीच्या शिरेतून नळी घालून फुग्याने झडप उघडतात. या झडपेला तो उपाय फार चांगला लागू पडतो. नवजात बाळात मात्र सौम्य आकड्यावर विसंबू नका, पहिल्या काही महिन्यांत तो वाढू शकतो. महाधमनीच्या झडपेचा दोष तर मोठेपणीही वाढत जातो, म्हणून तिथे ठरलेली तारीख चुकवायची नाही. हृदयाची ताकदच कमी झाली असेल तर ग्रेडियंट खोटा कमी येतो. ग्रेडियंट वाचताना पंपिंगचा आकडाही (‘ईएफ’) वाचा. ‘ट्रिव्हियल’, म्हणजे अगदी किरकोळ, गळती निरोगी हृदयातही लिहिलेली असते, तिची चिंता नको.

निदान झाल्यावर घरात

थोडं थोडं आणि वारंवार पाजा, डोकं उंच धरून. ओढून दमत असेल तर आईचंच दूध काढून बोंडल्याने किंवा वाटी-चमच्याने द्या. ओवा-वावडिंगाची धुरी बंद. दमलेल्या छातीला धूर सोसत नाही. लघवीचं औषध दिलं असेल तर ते चमच्याने मोजू नका, १ मिलीच्या सिरिंजने मोजा. डिगॉक्सिन हे हृदयाचं औषध दिल्यावर बाळाने उलटी केली तर मनाने दुसरा डोस देऊ नका. लसी सगळ्या वेळेवर द्या, हृदयदोष हे लस टाळायचं कारण नाही.

दात घासण्याकडे लक्ष द्या. किडक्या दातातले जंतू रक्तातून बिघडलेल्या झडपेवर जाऊन बसतात. कृत्रिम झडप असेल, पूर्वी झडपेचा संसर्ग झालेला असेल किंवा निळा दोष दुरुस्त झालेला नसेल, तर दात काढण्याआधी अँटिबायोटिक लागतं. दंतवैद्याला हे आधीच सांगा. आणि झडपेचा दोष असलेल्या माणसाला कारण न सापडणारा ताप आठवडाभर राहिला, तर मेडिकलमधून गोळ्या आणून सुरू करू नका. अँटिबायोटिकची पहिली गोळी पोटात जाण्याआधी रक्ताचं कल्चर व्हायला हवं, नाहीतर जंतू सापडत नाही आणि कोणतं औषध द्यायचं ते ठरवणं अवघड होऊन बसतं.